एका गाठोड्याची नोंद

शहापूरहून किन्हवलीमार्गे सरळगावला आणि तेथून मुरबाडला जाणारा रस्ता ज्यांनी पावसाळ्यात पाहिला आहे, त्यांना या भागाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी एवढेच ध्यानी घ्यावे की, ज्या तालुक्यातील भातसा आणि तानसा या जलाशयांचे पाणी मुंबईकर बारा महिने पितात, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळा लागला की टँकरची वाट पाहिली जाते. मोबाइलच्या रेंजचेही थोडेफार असेच आहे. आमच्या चर्चच्या मागील बाजूस ज्या पायऱ्या आहेत, त्यांतील तिसऱ्या पायरीवर उभे राहिले तर रेंज मिळते. चौथीवर मिळत नाही. हा शोध आमचा नव्हे. वसतिगृहातील मुलांनी तो फार पूर्वी लावला आणि आम्ही नव्याने येथे आलो तेव्हा मोठ्या गांभीर्याने आम्हांस सांगितला.

आज आम्ही ज्या विषयावर लिहीत आहोत त्याचे नाव ऐकून सेमिनरीतील आमचे जुने सोबती हसतील. इलेक्ट्रॉनिक चिपची आखणी करणारी मुक्त सॉफ्टवेअरे आणि ती लिनक्ससारख्या प्रणालीवर बसविण्यासाठी बांधावी लागणारी पॅकेजेस, हा काही धर्मग्रामातील धर्मगुरूचा विषय नव्हे. आम्हांलाही त्यातील अर्धेअधिक कळत नाही. परंतु या विषयापायी आमच्या तोंडून एके दिवशी एक वाक्य गेले, त्या वाक्याचा हिशेब कोठेतरी लिहून ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

२०२३ साली मुंबईतील एका कचेरीने आपले जुने संगणक आमच्या वसतिगृहास दिले. त्याच सुमारास आमच्याच वसतिगृहात वाढलेला एक मुलगा इलेक्ट्रॉनिक्सची पदविका संपवून पदवीच्या वर्गात गेला होता. त्याचे आईवडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जात आणि पावसाच्या तोंडाशी परतत. मुलगा आमच्याकडे राहिला म्हणूनच शाळेत राहिला. कॉलेजला तो आसनगावहून लोकलने जाई. कॉलेजच्या प्रयोगशाळेत चिपच्या आखणीचे परदेशी सॉफ्टवेअर होते, पण परवाने मोजके आणि मुले पुष्कळ. पाच वाजता प्रयोगशाळेला कुलूप लागे. घरी ते सॉफ्टवेअर न्यावे म्हटले तर एका परवान्याच्या किमतीत आमचे वसतिगृह कित्येक वर्षे जेवेल, असे तोच हसत सांगे.

मग त्याने दुसरा मार्ग धरला. पवईच्या आयआयटीत ‘फॉसी’ नावाचा एक प्रकल्प आहे. शिक्षणात मुक्त सॉफ्टवेअर यावे म्हणून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय शिक्षण अभियानातून त्याला साहाय्य मिळाले आणि प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या पुढाकाराने तो वाढला. या प्रकल्पाने ‘ई-सिम’ नावाचे सॉफ्टवेअर तयार केले आहे. पूर्वी ते ‘ऑसकॅड’ या नावाने ओळखले जाई. सर्किट काढावे, ते चालवून पाहावे, मांडणी करावी, ही सारी कामे त्यात होतात, आणि त्यासाठी एक पैसाही मोजावा लागत नाही. त्याच आयआयटीतील ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने अनेक सॉफ्टवेअरांचे पाठ मराठीतही आणले आहेत, ही गोष्ट आमच्या वाचकांपैकी शिक्षक असलेल्यांनी जरूर टिपून ठेवावी.

ई-सिमबद्दल आम्हांस सर्वांत नवल वाटले ते असे की, ती एक वस्तू नाहीच. ते एक बिऱ्हाड आहे. सर्किट काढण्याचे काम ‘कायकॅड’ करते. ते फ्रान्समधील जाँ-पिएर शारास यांनी १९९२ साली सुरू केले. सर्किट चालवून पाहण्याचे काम ‘एनजीस्पाइस’चे. त्याचे मूळ कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात आहे. तेथे १९७३ साली लॅरी नेगल यांनी प्रा. डोनाल्ड पेडरसन यांच्या हाताखाली ‘स्पाइस’ हा प्रोग्रॅम पुढे आणला. पेडरसन यांनी तो तिजोरीत ठेवला नाही. जो मागेल त्याला त्याची प्रत मिळे, मग मागणारा विद्यार्थी असो वा कारखानदार. जगातील बहुतेक चिपांची पहिली परीक्षा आज ज्या सॉफ्टवेअरांवर होते, त्यांतील पुष्कळ या एका प्रोग्रॅमची लेकरे-नातवंडे आहेत. त्याच बर्कलीत १९८०च्या दशकात जॉन ऑस्टरहाउट आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ‘मॅजिक’ रचले. त्यात चिपची प्रत्यक्ष मांडणी रंगीत चौकोनांनी काढतात.

ही मांडणी आम्ही त्या मुलाच्या खांद्यावरून पहिल्यांदा पाहिली, तेव्हा आम्हांस वाटले की हा रांगोळी काढतो आहे. त्याने समजावून सांगितले. कार्व्हर मीड आणि लिन कॉनवे या दोघांचे १९८० सालचे एक प्रसिद्ध पाठ्यपुस्तक आहे. तेव्हापासून हे रंग रूढ झाले. पॉलिसिलिकॉन तांबडे, डिफ्यूजन हिरवे, धातू निळा. तांबडी पट्टी हिरवीवरून गेली की तेथे ट्रान्झिस्टर जन्मतो. दोन पट्ट्यांतील अंतर नियमापेक्षा कमी झाले तर मॅजिक लगेच तेथे ठिपके उमटवते. चित्र पूर्ण होईपर्यंत थांबत नाही. “तुमच्यासारखंच आहे, फादर,” तो म्हणाला, “निबंध संपायच्या आत ऱ्हस्वदीर्घ काढता तसं.”

अमेरिकेतील ‘स्कायवॉटर’ या कारखान्याने गूगलच्या साहाय्याने २०२० साली आपल्या १३० नॅनोमीटर प्रक्रियेचे नियम सर्वांस खुले केले. आजवर असे नियम गुप्ततेचा करार केल्याशिवाय कोणाच्या हाती पडत नसत. १३० नॅनोमीटर म्हणजे केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाहूनही कमी. या नियमांना धरून एक ‘रिंग ऑसिलेटर’ काढायचा, हा त्या मुलाचा अंतिम वर्षाचा प्रकल्प होता. विषम संख्येचे नकार एकापुढे एक जोडून वर्तुळ पुरे केले की त्यांचे कधीच एकमत होत नाही. होय-नाही, होय-नाही असे ते चालूच राहतात आणि त्यातून लहर उमटते. आमच्या पॅरिश कौन्सिलच्या काही बैठका आम्हांस आठवल्या. असो.

अडचण आली ती सॉफ्टवेअर बसवताना. आमच्या संगणकांवर त्याने उबुंटूची नवी २४.०४ ही आवृत्ती घातली होती आणि मित्राकडून आणलेली ई-सिमची प्रत जुनी, मागच्या उबुंटूला धरून रचलेली होती. तीत एक आज्ञावली असते. ती चालवली की लागेल ते सामान इंटरनेटवरून ओढून आणते. आमच्याकडे इंटरनेट म्हणजे तिसरी पायरी. मोबाइल तेथे दगडाखाली ठेवायचा आणि त्याच्या जोरावर खोलीतील संगणक चालवायचा. शेकडो मेगाबाइट उतरले की सर येई, रेंज जाई आणि पुन्हा पहिल्यापासून. शिवाय पायथनचे सामान आले तरी नवी उबुंटू ते परस्पर बसवू देईना. प्रणालीच्या पायथनला बाहेरच्याने हात लावू नये असा तिचा नवा दंडक आहे.

तेव्हा त्याने ठरवले की पॅकेज बांधायचे. पॅकेज म्हणजे काय, हे त्याने आम्हांस मुरबाडच्या बाजारातील उदाहरणाने सांगितले. वाण्याकडे हळद, मिरची, धणे वेगवेगळे घेऊन घरी कुटता येते. पण कोणी मसाला करून पुडी बांधून दिली, पुडीवर आत काय आहे आणि कोणी बांधली ते लिहिले, तर घेणाऱ्याचे काम हलके होते. उबुंटू ज्या डेबियन या प्रणालीवर उभी आहे, ती १९९३ साली इयन मरडॉक या तरुणाने सुरू केली. तिचे सारे वैभव अशा पुड्यांत आहे. प्रत्येक पुडीत दोन भाग असतात. एकात प्रत्यक्ष माल, दुसऱ्यात मालाची माहिती. माहितीत नाव, आवृत्ती, आणि हिला आणखी कोणकोणत्या पुड्या लागतात त्यांची यादी. यादीतही तीन पायऱ्या आहेत: अवश्य हवे, असलेले बरे, आणि सुचवावेसे वाटते. नीतिशास्त्राच्या तासाला आज्ञा आणि उपदेश यांतील भेद शिकताना आमचा जो घाम निघाला होता, तो येथे तीन ओळींत मिटलेला पाहून आम्ही चकित झालो.

एका फायलीत प्रत्येक सामानाचा परवाना नोंदावा लागतो. कायकॅडचा एक, एनजीस्पाइसचा दुसरा, व्हीएचडीएल भाषा वाचणाऱ्या ‘जीएचडीएल’चा आणखी वेगळा. कोणी काय लिहिले आणि ते कोणत्या शर्तीवर वाटता येते, हे शोधून लिहिण्यात त्याच्या तीन रात्री गेल्या. पूर्वी आमच्या पुस्तकांच्या दुसऱ्या पानावर ‘इम्प्रिमातुर’ छापत, त्याची आम्हांस आठवण झाली. फरक एवढाच की तेथे छापण्याची अनुमती एक अधिकारी देई, येथे लिहिणाराच आधी देऊन ठेवतो.

आता ते वाक्य.

२०२४ सालचा जुलै महिना होता. ज्या संगणकावर तो काम करी, त्याच संगणकावर वसतिगृहाचे वर्षभराचे हिशेब होते, आणि ते चार दिवसांत लेखापरीक्षकांकडे जायचे होते. वेगळी प्रत काढून ठेवण्याचे आम्ही त्याला दोनदा सांगितले होते. स्वतः मात्र एकदाही काढली नव्हती. त्याच्या पुडीला जुना पायथन हवा होता म्हणून त्याने प्रणालीच्या पायथनचा दुवा फिरवला. लगेच टर्मिनल उघडेना. ते दुरुस्त करण्यासाठी त्याने दुसऱ्या वाटेने शिरून पायथनच काढून टाकला, म्हणजे पुन्हा स्वच्छ बसवता येईल. पण उबुंटूचा अर्धा संसार पायथनवर उभा आहे. एक पुडी काढली की तिच्यावर अवलंबून असलेल्या साऱ्या निघतात. संध्याकाळी आम्ही खोलीत आलो तो पडदा काळा, डाव्या कोपऱ्यात एक पांढरी रेघ लुकलुकत होती, आणि मुलगा हातावर हात ठेवून बसला होता.

“हिशेब?” आम्ही विचारले.

“असतील, फादर. डिस्क शाबूत आहे. दिसत नाहीत एवढंच.”

आम्हांस त्यातील ‘असतील’ एवढेच ऐकू आले. आम्ही म्हणालो, “हे संगणक तुझ्या बापाच्या कमाईचे नाहीत.”

तो काही बोलला नाही. छत्री घेऊन निघून गेला. रात्री नऊच्या सुमारास परत आला, भिजलेला. शहापुरातील एका मित्राकडून उबुंटूचा पेनड्राइव्ह आणला होता. त्यावरून त्याने संगणक सुरू केला, आतील डिस्क उघडली, आमच्या हिशेबांच्या सर्व फायली दुसऱ्या पेनड्राइव्हवर उतरवून आमच्या टेबलावर ठेवल्या, आणि शेवटची गाडी गेलेली असल्याने चालत आपल्या वाडीकडे गेला. आम्ही जेवणाच्या खोलीत होतो. हाक मारली नाही.

अकरा दिवस तो आला नाही. हिशेब वेळेवर गेले. लेखापरीक्षकांनी कागद नीटनेटके असल्याची पावतीही दिली. आम्ही रोज सकाळी वेदीपुढे उभे राहत होतो आणि दुसऱ्यांच्या पापांची क्षमा उच्चारत होतो. त्याच्या बापाची कमाई म्हणजे काय, हे आमच्याइतके कोणास ठाऊक असावे? भट्टीवर उचल घेऊन हंगामभर राबणारी ती माणसे हिशेबाला बसली की उचल अजून फिटलेली नसते, हे आम्हीच निरनिराळ्या सभांतून सांगत आलो होतो.

बाराव्या दिवशी आम्ही त्याच्या वाडीवर गेलो. भाताची लावणी चालली होती. तो आईबरोबर दुसऱ्याच्या शेतात गुडघाभर चिखलात वाकून होता. आम्ही बांधावर उभे राहिलो. चिखलात उतरावे असे मनात आले. पण पन्नाशी उलटलेला मनुष्य तेथे उतरला तर त्याला वर काढण्याचे काम त्याच मुलास करावे लागले असते. आम्ही बांधावरूनच, त्याच्या आईच्या आणि इतर बायांच्या देखत, आमचे चुकले असे म्हणालो. कोणी मान वर केली नाही. रोपांच्या मुठी पडत राहिल्या. मग त्याची आई म्हणाली, “फादर, उन्हाचं कशाला आलात?” ऊन नव्हतेच.

पुष्कळ वेळाने तो बांधावर येऊन बसला. म्हणाला, “चूक माझीपण होती. काढताना ते विचारतं. दोनशेच्या वर नावांची यादी दाखवली होती, मी न वाचता ‘हो’ केलं.” आमच्या वाक्याबद्दल तो त्या दिवशी बोलला नाही आणि पुढेही कधी बोललेला नाही. त्याने ते विसरले असेल असे आम्ही मानत नाही.

तो परत आला आणि पुन्हा आरंभापासून त्याने गाठोडे बांधले. या वेळी ई-सिमचे सारे घरदार त्याने ‘ऑप्ट’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात ठेवले, पायथनही तिचा स्वतःचा, निराळा. दुसऱ्या पॅकेजच्या मालकीच्या फायलीस हात लावू नये, हा डेबियनच्या नियमांतील एक मोठा नियम. तो त्याने पुठ्ठ्यावर लिहून भिंतीस टांगला. ज्या पुड्या लागतील त्या सर्व कॉलेजातून एकदाच उतरवून आणल्या. कायकॅडमधील त्रिमितीय चित्रांचे भलेमोठे भांडार गाळले, कारण ते केवळ ‘असलेले बरे’ या वर्गातले होते. बाकीच्यांची सूची करून पेनड्राइव्हवर एक छोटे कोठार तयार केले. आता रेंज असो वा नसो, संगणकाला सांगायचे की तुझा बाजार या पेनड्राइव्हवर आहे; तो तेथून सारे उचलतो, आणि प्रत्येक पुडी वाटेत बिघडली नाही ना, हे अंकांची एक खूण ताडून पाहतो.

एक रकाना मात्र त्याने बरेच दिवस रिकामा ठेवला होता. मेंटेनर. पॅकेज सांभाळणाऱ्याचे नाव आणि पत्ता तेथे द्यावा लागतो. पुढे काही बिघडले की लोक त्याच नावाने विचारतात. आज नव्हे, चार वर्षांनीसुद्धा. “तुमचं टाकू का, फादर?” त्याने विचारले. आम्ही म्हणालो, आम्हांस यातील काय कळते? त्यावर तो म्हणाला, “मला तरी नोकरी लागली की कुठं वेळ मिळणार?”

आम्ही उठून कपाटातील बाप्तिस्म्याची जुनी नोंदवही काढली आणि त्याला दाखवली. पानोपानी वेगवेगळी अक्षरे. ज्यांनी नोंदी केल्या, त्यांतील बहुतेक धर्मगुरू दोन-चार वर्षांत बदलून गेले. पण प्रत्येक नोंदीखाली सही आहे, तारीख आहे. आणि समासात पुढच्या कोणीतरी, वीस-पंचवीस वर्षांनी, त्याच बालकाच्या विवाहाची नोंद केली आहे. त्याने पाने उलटली आणि हसला. “हे तर चेंजलॉग आहे,” तो म्हणाला. त्याच्या गाठोड्यातही अशी एक फाईल असते. प्रत्येक आवृत्तीत काय बदलले, कोणी आणि केव्हा, हे खाली सहीनिशी लिहायचे, आणि नवी नोंद जुनीच्या वर. जुनी पुसायची नाही. रकान्यात त्याने स्वतःचे नाव लिहिले.

येथे आम्हांस स्वतःची एक जुनी गोष्ट आठवते. सेमिनरीतून बाहेर पडल्यावर पहिली दहा वर्षे आम्ही आमची प्रवचने संगणकावर एका मराठी फॉन्टात टंकलिखित केली. तो फॉन्ट, त्याला चालवणारा प्रोग्रॅम आणि परवान्याची चकती यांतील एकही वस्तू आता आमच्यापाशी नाही. फायली आहेत, उघडल्या की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. त्या मुलाने एका संध्याकाळी त्यांतील दोन प्रवचने सोडवून दिली. वाचून वाटले, बाकीची राहिली तशीच राहिलेली बरी.

२०२५च्या जानेवारीत सिस्टरांच्या मुलींच्या वसतिगृहातील दोन संगणकांवर तो पेनड्राइव्ह पहिल्यांदा लागला. तेथे तर तिसरी पायरीही नाही. वीस-पंचवीस मिनिटांत काम झाले. एनजीस्पाइसने रिंग ऑसिलेटरची लहर पडद्यावर काढली, मुलींनी टाळ्या वगैरे वाजवल्या नाहीत, पदविकेच्या पहिल्या वर्षाला असलेल्या एकीने विचारले, “मग ही चिप खरी बनणार का?”

त्याने तिला फसवले नाही. अमेरिकेत ‘ईफॅबलेस’ नावाची कंपनी अनेकांच्या लहान लहान आखण्या एका तबकडीवर एकत्र करून स्कायवॉटरकडून घडवून देत असे. गूगलच्या खर्चाने काहींच्या तर फुकटही झाल्या. पण आपले काम त्यात बसण्याइतके पुरे नाही, हे त्याने स्पष्ट सांगितले. पुढे दोनच महिन्यांत, मार्च २०२५मध्ये, ती कंपनीच बंद पडली. जर्मनीतील ‘आयएचपी’ या संस्थेने आपली १३० नॅनोमीटरची प्रक्रिया खुली केली आहे आणि त्या वाटेने काही मंडळी पुढे जात आहेत. आपल्या देशात मोहालीच्या सरकारी कारखान्यात चिपा घडतात. पवईच्याच आयआयटीत आखलेला ‘अजित’ हा प्रोसेसर तेथे घडला होता. आमच्या मुलांच्या पदरात यांतील काय पडेल, ते त्यांचे त्यांनाच पाहावे लागेल.

मुलगा आता पुण्यात नोकरीस आहे. नोकरी चिपच्या आखणीची नाही, तपासणीची आहे. पगार बरा आहे. या वर्षी त्याच्या आईवडिलांनी भट्टीची उचल घेतली नाही. त्याचे गाठोडे काही डेबियनच्या अधिकृत भांडारात गेलेले नाही. त्यासाठी फार कडक परीक्षा असते आणि ती देण्याइतके ते अजून स्वच्छ नाही, असे तोच म्हणतो. दोन वसतिगृहे आणि त्याचे काही मित्र, एवढाच त्याचा संसार.

जूनमध्ये कायकॅडची आवृत्ती बदलल्याने ते गाठोडे एका नव्या संगणकावर बसेना. त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीने आठ रात्री खटपट करून अवलंबनांच्या यादीतील दोन ओळी सुधारल्या आणि त्याला पाठवायच्या म्हणून ती सिस्टरांबरोबर आमच्याकडे आली. पाऊस होता. तिसऱ्या पायरीवर सिस्टरांनी छत्री धरली आणि ती फोनवर त्याला ओळ वाचून दाखवू लागली. पलीकडून तो काहीतरी ओरडून सांगत होता, आम्हांस एवढेच ऐकू आले, “वर लिही, वर. माझ्या नोंदीच्या वर. आणि खाली तुझं नाव टाक.”